उडणाऱ्या डोंगराचं समीकरण

"डोंगर उडाला! अरे, डोंगर उडाला!"

शंका एवढ्या जोरात किंचाळला, की रंगमंचावर गाणं म्हणणारी पोरं गाणं विसरून मागे वळली. आणि खरंच की! त्यांच्या पाठीमागचा भलामोठा, हिरवा-निळा रंगवलेला लाकडी डोंगर जमीन सोडून वर निघाला होता. आधी हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये असा, आणि मग सरसर! बघता बघता तो छताच्या अंधारात गडप झाला आणि विंगेत कुठेतरी 'धडाम्' असा आवाज झाला.

"दोरीवर कोण आहे?" मॅनेजर खुर्ची मागे लोटून उठले.

दोरीवर कोण आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. या नाट्यगृहात पडदे, घरं, ढग, डोंगर जे काही वर-खाली व्हायचं, ते आत्याच्या हातानं. आत्या म्हणजे शंकाची आई. शंकाला शंका म्हणायचे, कारण त्याचं तोंड उघडलं की बाहेर प्रश्नच पडायचा. आणि पहिल्या रांगेतून ताडकन उठून विंगेकडे धावत सुटलेली मुलगी म्हणजे त्याची मामेबहीण, सुट्टीला आलेली. तिचं नाव उडी.

हजेरीपटावर तिचं चांगलं लांबलचक नाव होतं हो! पण ती गणितात पहिल्या ओळीवरून थेट उत्तरावर उडी मारायची. मधल्या पायऱ्या गायब. बाईंनी तिच्या बीजगणिताच्या पेपरावर लाल शाईनं लिहिलं, 'इथे पुन्हा उडी!' झालं! वर्गाला तेवढं पुरे होतं.

विंगेत आत्या दोरी धरून उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती विटा सांगितल्या होत्या?" मॅनेजर गरजले.

"अकरा. डोंगराला अकराच लागतात."

मॅनेजरांनी दोराच्या दुसऱ्या टोकाला डोंगर तोलायला लावलेल्या लोखंडी पाळण्यातल्या विटा मोजल्या. भरल्या होत्या अकराच. "मग दोरीला चाप लावला नसणार तुम्ही!"

"लावला होता, साहेब. हा बघा, अजून लावलेलाच आहे."

"आता लावलात! गुडघा बिघडला म्हणून रजेवर गेलात तेव्हा काही बोललो नाही मी. पण परवा संध्याकाळी पहिला प्रयोग आहे. यापुढे दोरीला हात लावायचा नाही. दोरीवर आपला पैलवान उभा राहील. तुम्ही कपड्यांच्या खोलीत बटणं लावा!"

 आत्यानं हातमोजे काढले, घडी घातली आणि खुंटीवर ठेवले. उडीला असा काही संताप आला, की तिला मॅनेजरांच्या चकचकीत बुटावर पाय द्यावासा वाटला. पण शेजारी उभ्या असलेल्या खिळानं तिचा फ्रॉक मागून घट्ट धरून ठेवला होता. खिळा म्हणजे नाट्यगृहातल्या सुतारकाकांची मुलगी. अंगानं काटकुळी, वागायला सरळ आणि एकदा रुतली की निघायची नाही!

"भांडून काय होणार?" खिळा कुजबुजली. "डोंगर का उडाला ते शोधू या."

"शोधूच!" उडी म्हणाली. "आत्याला तिची दोरी परत मिळाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. बघशीलच तू!"

*

संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. दुखरा पाय स्टुलावर ठेवला होता. तिघंही तिच्याभोवती कोंडाळं करून बसली.

"आत्या, आधी पहिल्यापासून सांग. डोंगर वर-खाली होतो कसा?"

"सोपं आहे गं. वर कप्पी आहे. तिच्यावरून दोर जातो. दोराच्या एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला लोखंडी पाळणा. पाळण्यात लोखंडी विटा भरायच्या. दोन्हीकडचं वजन सारखं झालं की डोंगर अधांतरी तरंगतो. मग मी दोरीनं त्याला हवं तिकडे नेते आणि चाप लावून थांबवते."

"पण चाप लावूनही उडाला ना?" शंकाचा प्रश्न आलाच.

"चापाची ताकद ती किती! दोन्हीकडच्या वजनांत पंधरा किलोपर्यंत फरक असेल तर तो धरून ठेवतो. त्याहून जास्त झाला की सुटलाच."

"म्हणजे पाळणा पंधरा किलोपेक्षा जास्त जड झाला होता! पण विटा तर अकराच होत्या," खिळा म्हणाली.

उडी डोळे बारीक करून विचार करत होती. सकाळचा सगळा प्रसंग तिनं मनातल्या मनात पुन्हा पाहिला. "आत्या, विटा वर माळ्यावर भरतात ना? तू खालून ओरडलीस, 'अकरा साध्या!' आणि वरून उत्तर आलं, नुसतंच 'अकरा!' हे 'साध्या' काय असतं?"

आत्याचे हात थांबले. एक मटार घरंगळत जमिनीवर गेला.

"खरंच गं! जे ऐकलं ते जसंच्या तसं परत ओरडायचं, ही आमची पद्धत. पण जुना हमाल काम सोडून गेला, हा नवा आहे. मी म्हटलं, शिकेल हळूहळू..." ती सावरून बसली. "अगं, विटा दोन जातीच्या आहेत. साच्यात सारख्याच, पण एक जात भरीव आणि दुसरी आतून पोकळ. पोकळ त्या साध्या. भरीव विटांवर पिवळी पट्टी असते, माळ्याच्या बाजूला. खालून ती दिसत नाही."

"आणि तू रजेवर असताना सगळ्या विटांना काळा रंग दिला!" खिळा ओरडली. "मॅनेजरकाकांनीच द्यायला लावला. बाबांना म्हणत होते, 'सगळं कसं एकसारखं, टापटीप दिसलं पाहिजे!'"

"मला वाटलं, पट्ट्या तेवढ्या सोडून रंगवल्या असतील," आत्या पुटपुटली. "पट्टीवरून कोण कशाला रंग फिरवेल?"

"मॅनेजरकाका!" तिघंही एकदम ओरडली.

"पण भरीव वीट पोकळपेक्षा किती जड आहे?" शंकानं विचारलं. "चिमूटभर जड असली, तर त्यानं डोंगर उडेल का?"

प्रश्न रास्त होता. आत्या म्हणाली, "पोकळ वीट नऊ किलोची, एवढं ठाऊक आहे. भरीव कधी तोलून पाहिली नाही. जंगलाच्या पडद्याला पाच भरीव आणि चार पोकळ लागायच्या. भरीव कमी पडल्या तर दोन भरीव आणि आठ पोकळ. दोन्ही वेळा जंगल अगदी नीट तोललं जायचं."

"मग सापडलं! भरीव वीट..." उडीनं उत्तराकडे झेप घेतली, "...अठरा किलो!"

"कशावरून?" शंका.

"कशावरून म्हणजे... असंच आलं."

"असं कसं आलं?"

उडी चरफडली. पण समोर आत्या बसली होती, आणि उद्या तिच्या जागी पैलवान उभा राहणार होता. इथे 'असंच' चालणार नव्हतं. तिनं मटाराच्या ढिगात हात घातला.

"हे बघ. शेंग म्हणजे भरीव वीट आणि दाणा म्हणजे पोकळ. या ताटात पाच शेंगा, चार दाणे. त्या ताटात दोन शेंगा, आठ दाणे. जंगल तेच, म्हणून दोन्ही ताटांचं वजन सारखं." तिनं पाटीवर खडूनं लिहिलं:

५भ + ४प = २भ + ८प

"आता दोन्हीकडून सारखंच काढलं तर वजन सारखंच राहणार. बरोबर? काढ दोन-दोन शेंगा!"

शंकानं दोन्ही ताटांतून दोन-दोन शेंगा उचलल्या. एका ताटात तीन शेंगा आणि चार दाणे उरले, दुसऱ्यात नुसते आठ दाणे.

३भ + ४प = ८प

"आता चार-चार दाणे काढ."

३भ = ४प

"तीन भरीव म्हणजे चार पोकळ!" खिळानं टाळी वाजवली.

"पोकळ नऊची. चार नव्वे छत्तीस. तीन भरीव विटा छत्तीस किलो, तर एक..."

"बारा किलो!" शंकानं बहिणीच्या आधीच उत्तर हाणलं. "अठरा म्हणे!"

उडीचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. "भरीव वीट पोकळपेक्षा तीन किलो जास्त. अकरा विटांत भरीव किती गेल्या ते माहीत नाही, त्याला क्ष म्हणू. मग पाळणा ३ × क्ष एवढा जास्त जड. चाप केव्हा सुटणार? ते पंधराच्या वर गेलं की." तिनं सावकाश लिहिलं:

३क्ष > १५
क्ष > ५

"अकरात सहा किंवा जास्त भरीव आल्या, की डोंगर उडाला! पाचपर्यंत असल्या तर चाप धरून ठेवणार."

"म्हणूनच आधीच्या तालमीत उडाला नव्हता," आत्या म्हणाली. "हमालाच्या हाताला येईल ती वीट!" आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज जरा मोकळा झाला. "पोरांनो, माझी चूक नव्हती तर!"

"नव्हतीच मुळी!" उडी म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर सिद्ध करते की नाही बघ!"

*

पण मॅनेजर ऐकतील तर ना!

सकाळी तिघांनी त्यांना विंगेतच गाठलं. उडीनं एका दमात सगळं सांगितलं. मॅनेजर आधी हसले, मग घड्याळ पाहिलं, मग वैतागले.

"एका साच्यातल्या विटा त्या! रंगाची पट्टी पुसली म्हणून वजन बदलतं होय? पळा खेळायला!"

"पण मॅनेजरकाका, माळ्यावरच्या काकांना विचारा ना!" उडीनं मान वर करून हाक मारली, "काका, पिवळ्या पट्टीच्या विटा आहेत का हो वर?"

"कसली पट्टी?" वरून उत्तर आलं. "सगळ्या काळ्याकुळकुळीत आहेत!"

"पाहिलंत? सगळ्या एकसारख्या!" मॅनेजरांनी उत्तराचा नेमका उलटा अर्थ काढला. "आणि तरीही मी खबरदारी घेतोय. डोंगर उडतो म्हणजे पाळणा जड होतो. अरे ए, अकराऐवजी आठच विटा भर! तीन कमी! मिटला प्रश्न."

"पण कालचा दोष चापाचा होता ना?" शंकानं विचारलं. "मग आज विटा का कमी करताय?"

"कारण मी मॅनेजर आहे!" मॅनेजर म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

आठ विटा भरल्या गेल्या. पैलवानानं दोरी ओढली आणि डोंगर वर गेला. पैलवान म्हणजे दंड केवढे, मान केवढी! "डोंगर जड लागला का हो?" खिळानं विचारलं. "जड? मला?" पैलवान मिशीत हसला आणि गुपचूप तळहात चोळत जेवायला गेला. जाताना त्यानं दोरी खुंटीला पक्की बांधून ठेवली. जेवणाच्या सुट्टीत दोरीला गाठ मारून ठेवायची तिथली पद्धतच होती. सुट्टी संपली की गाठ सोडायची आणि मग डोंगर नुसत्या चापावर.

डोंगर वर होता, म्हणजे पाळणा खाली होता. आठ काळ्या विटा एकीवर एक रचलेल्या.

"एक वीट काढून तोलू या का?" शंकानं विचारलं.

"हात लावू नकोस!" उडीनं त्याला मागे खेचलं. "डोंगर वर असताना पाळण्यातली वीट काढायची नाही. आत्यानं बजावून ठेवलंय."

"काढायची गरजच काय?" खिळानं खिशातून छोटी हातोडी काढली. तिच्या खिशात ती कायम असायची, जशी इतरांच्या खिशात गोळी-चॉकलेट असते तशी. "बाबा लाकूड आतून पोखरलंय का, ते ठोकून बघतात. ऐका हं."

टण्ण! टण्ण! ठक! टण्ण! ठक! टण्ण! टण्ण! ठक!

"पाच पोकळ, तीन भरीव," खिळानं निकाल दिला.

उडी जमिनीवर बसली आणि खडू काढला. "डोंगराचं वजन अकरा पोकळ विटांएवढं. अकरा नव्वे नव्याण्णव. पाळण्यात आठ विटा, म्हणजे बहात्तर, आणि भरीव असतील तेवढे तीन-तीन किलो जास्त. या वेळी डोंगर जड, पाळणा हलका. नव्याण्णवातून बहात्तर गेले, उरले सत्तावीस. त्यातून ३क्ष वजा. हा फरक पंधराच्या वर गेला, तर डोंगर खाली कोसळणार."

२७ − ३क्ष > १५

"दोन्हीकडून सत्तावीस काढले." खडू भरभर चालायला लागला.

− ३क्ष > − १२

"आता उणे तीननं भागलं. क्ष > ४! भरीव विटा चारपेक्षा जास्त असल्या तरच धोका. आपल्या तीनच आहेत. सुटलो बाबा!" तिनं हात झटकले. "आज काही होत नाही. चला डबा खायला!"

खिळा उठली. शंका मात्र फरशीवरच्या त्या ओळींकडे पाहत बसून राहिला.

"ताई, भरीव विटा जास्त असल्या तर पाळणा जड होणार ना?"

"हो."

"पाळणा जड झाला तर डोंगर खाली येईल, की येणार नाही?"

"येणार ना... नाही, येणार नाही. अं?"

"मग जास्त भरीव असल्या तर धोका, असं कसं?"

उडी पुन्हा फरशीवरच्या ओळींवर वाकली. 

"तीनच घालून बघू," शंका म्हणाला. "तीन त्रिक नऊ. सत्तावीसातून नऊ गेले... अठरा! अठरा पंधराच्या वर आहे, ताई!"

"थांब, थांब, मी पुन्हा करते. एकही पायरी गाळत नाही!" उडीनं आधीचं सगळं तळहातानं पुसलं. अक्षर या वेळी स्वच्छ येत होतं.

२७ − ३क्ष > १५

"ही वजाबाकीच नको. दोन्ही बाजूंना ३क्ष मिळवले."

२७ > १५ + ३क्ष

"दोन्हीकडून पंधरा काढले."

१२ > ३क्ष

"तीननं भागलं."

४ > क्ष

"क्ष चारपेक्षा लहान!" खिळा ओरडली. "उलटंच आलं!"

"मगाशी मी उणे तीननं भागलं," उडी कपाळावर हात मारून म्हणाली. "उणे संख्येनं भागलं की त्या चिन्हाचं तोंड फिरवायचं असतं. पाच तीनपेक्षा मोठे, पण उणे पाच उणे तीनपेक्षा लहान! बाईंनी दहादा सांगितलंय. मी तोंड फिरवलंच नाही! आपल्या विटा तीन. तीन चारपेक्षा लहान. चाप धरणारच नाही!"

तेवढ्यात घंटा खणखणली. सुट्टी संपली होती! पलीकडे गाणारी पोरं धडाधडा रंगमंचावर येऊन उभी राहिली. बरोब्बर डोंगराच्या खाली, प्रेक्षकांकडे तोंड आणि डोंगराकडे पाठ. दोरीकडे निघालेला पैलवान मिशा पुसत पलीकडच्या दारानं आत येत होता, आणि या तिघांच्या बाजूनं हातात कागद घेऊन मॅनेजर येत होते.

"तुम्ही अजून इथेच? चला, बाहेर व्हा!" त्यांनी खिळाला आणि उडीला दंडाला धरून दाराबाहेर काढलं, शंकाही मागोमाग आला, आणि ते दारातच आडवे उभे राहिले. "तालीम सुरू होतेय!"

"मॅनेजरकाका, डोंगर पडणार आहे!"

"काल उडणार, आज पडणार! पुरे झाला चावटपणा!"

उडीनं शंकाकडे पाहिलं. शंकानं उडीकडे पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं एक दीर्घ श्वास घेतला आणि सुरुवात केली.

"मॅनेजरकाका, तुमच्या हातात कसला कागद आहे? त्यावर कुणी सही केली? हिरव्या शाईनं का केली? तुमच्याकडे निळी शाई नाही का? हा दिवा चालू का आहे? दिवसा दिवा लावला तर बिल कोण भरतं? तुमच्या बुटाची नाडी सुटली ते तुम्हाला माहीत आहे का?"

"नाडी?" मॅनेजर खाली वाकले.

झालं! उडी त्यांच्या वाकलेल्या पाठीला वळसा घालून सुसाट आत घुसली. पैलवानानं गाठ सोडायला बोटं घातलीच होती. तिनं झेप घेऊन खुंटीला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाठीसकट.

"सोडू नका! पैलवानकाका, सोडू नका! आधी सगळ्यांना बाजूला करा!"

"अगं पोरी, हात सोड की!"

"नाही सोडणार! काय वाटेल ते झालं तरी नाही सोडणार!"

गाणं थांबलं. मॅनेजर लालबुंद होऊन धावत आले. त्यांच्या मागोमाग नाटकाच्या दिग्दर्शक बाईही आल्या. काळी साडी, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि ज्यांच्यासमोर मोठमोठे नट चळाचळा कापतात असा आवाज.

"काय चाललंय हे?"

"बाई, डोंगर पडणार आहे. मी सिद्ध करून दाखवते. मला फक्त थोडा वेळ द्या."

"बाई, ही पोरं सकाळपासून..." मॅनेजर सुरू झाले.

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "तू बोल. पण पटकन."

"पटकन नाही, बाई," उडी म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "पटकन केलं तर चुकतं. मगाशी चुकलंच होतं."

खिळा पुढे झाली आणि खुंटीला घट्ट धरून उभी राहिली. उडीनं काळ्या फरशीवर खडूनं पहिली ओळ लिहिली. डोंगर नव्याण्णव. पाळणा बहात्तर अधिक ३क्ष. चाप पंधरा. प्रत्येक ओळीला ती थांबत होती, बाईंकडे पाहत होती, "इथपर्यंत पटलं?" म्हणून विचारत होती आणि बाईंची मान हलली की पुढे जात होती. गाणारी पोरं माना उंचावून बघायला लागली. पैलवानसुद्धा गुडघ्यावर हात टेकून वाकला.

"...म्हणून क्ष चारपेक्षा लहान असला, की चाप सुटणार. आणि या पाळण्यात भरीव विटा तीन आहेत. खिळानं ठोकून पाहिल्यात."

"पोरखेळ आहे हा सगळा!" मॅनेजर म्हणाले. "बाई, डोंगर शंभर टक्के सुरक्षित आहे. मी जबाबदारी घेतो."

"मग मॅनेजरकाका," शंकानं अगदी साळसूदपणे विचारलं, "गाठ सोडताना तुम्ही उभे राहाल का डोंगराखाली?"

 मॅनेजरांनी वर पाहिलं. छताखाली तो अवाढव्य डोंगर लोंबत होता. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा वर पाहिलं आणि टाकलेलं पाऊल हळूच मागे घेतलं.

"तुम्हीही नको आणि मुलंही नकोत," बाई म्हणाल्या. "सगळे बाजूला व्हा! रंगमंच रिकामा करा!"

पोरं दोन्ही बाजूंच्या विंगांत पळाली. पैलवानानं चाप लावला, दोनदा दाबून पाहिला. "चाप पक्का आहे, बाई."

"सोडा गाठ."

गाठ सुटली. क्षणभर काहीच झालं नाही. मॅनेजरांच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं. आणि मग चापातून 'कर्रर्र' असा आवाज आला. दोरी बोटभर सरकली. मग वीतभर. पैलवानानं धरायला हात घातला, तोवर ती सळसळत निघाली आणि डोंगर सरसर, सरसर खाली आला! धाड्! नाट्यगृह हादरलं. गाणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी विसरलेलं लाकडी स्टूल डोंगराच्या कडेखाली सापडलं आणि त्याच्या ढलप्या उडाल्या.

 एक छोटी मुलगी त्या ढलप्यांकडे बघून रडायला लागली. तिची जागा तिथेच होती.

आवाज ऐकून आत्या लंगडत धावत आली होती. सुई अजून तिच्या हातातच होती. तिनं आधी सगळी पोरं नजरेनं मोजली आणि मग उडीला जवळ ओढून घट्ट धरलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पैलवान, चाप लावलेला होता?"

"होता, बाई. सगळ्यांसमोर लावला."

"मग कालही लावलेला होता," बाई मॅनेजरांकडे वळून म्हणाल्या. "काल या बाईंनी हेच सांगितलं होतं आणि तुम्ही त्यांना बटणं लावायला बसवलंत."

 मॅनेजरांनी खिशातला रुमाल काढला, पण घाम पुसायचा सोडून तो हातातच चुरगाळत राहिले. मग ते आत्यासमोर आले. "माझं चुकलं," ते म्हणाले. आवाज खालच्या पट्टीत होता, पण शब्द स्पष्ट होते. "विटा मी रंगवून घेतल्या. विटा मी कमी केल्या. आणि दोष तुम्हाला दिला. मला माफ करा. दोरी तुमची आहे."

"माफ केलं," आत्या म्हणाली. "पण पिवळ्या पट्ट्या तुम्ही स्वतः ओढायच्या, साहेब. आज. आत्ता."

मॅनेजर मुकाट्यानं पिवळा रंग आणायला गेले. खिळा हातोडी घेऊन त्यांच्यामागून निघाली. कुठली वीट 'ठक' आणि कुठली 'टण्ण', हे सांगायला कुणीतरी नको का? हमालानं विटा माळ्यावरून दोरीनं एकेक करून खाली सोडल्या, खिळानं ठोकल्या, मॅनेजरांनी पट्ट्या ओढल्या. दिवस मावळेपर्यंत त्यांच्या चकचकीत बुटांवरही पिवळे ठिपके पडले होते.

"प्रश्न विचारणारा हा मुलगा कोण?" बाईंनी विचारलं.

"माझा," आत्या म्हणाली.

"याला विचारू द्या हं. थांबवू नका." मग बाई उडीकडे वळल्या. "आणि तू गं? गणितात पहिला नंबर असेल तुझा!"

"नाही हो, बाई," उडी म्हणाली. "मी नापास होता होता वाचले आहे."

बाई खो खो हसल्या. त्यांना असं हसताना नाट्यगृहात कुणी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी वाकून उडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चूक झाली हे कळल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून बसलीस. आज माझी पंचवीस मुलं घरी धडधाकट जाणार आहेत ती त्यामुळे. हे विसरू नकोस."

  उडीनं मान हलवली.

पट्ट्या वाळल्यावर पाळण्यात अकरा पोकळ विटा भरल्या गेल्या. आत्यानं हातमोजे चढवले, चाप सैल केला, दोरी धरली आणि मग काय मनात आलं कोण जाणे, ती बाजूला झाली.

"धर," ती उडीला म्हणाली.

"मी? मला झेपेल?"

"धर तर खरं."

उडीनं दोरी धरली आणि हळूच खाली ओढली. समोरचा तो प्रचंड डोंगर, ज्यानं मघाशी स्टुलाचा चुरा केला होता, जमिनीपासून सुटला आणि पिसासारखा वर निघाला. ना उडाला, ना घसरला. ती थांबली तेव्हा तोही थांबला. उडीनं एका हातानं डोंगर उचलून धरला होता आणि मागे उभी असलेली आत्या डोळे पुसत होती.